सव्वासहा इंच

मिस्त्रींना कुणी चुकून “तब्येत कशी आहे?” असं विचारलं, की त्याची पुढची वीस मिनिटं गेलीच म्हणून समजावं. लाकडी जिने करण्यात मिस्त्रींचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि गेल्या वर्षभरात स्वतःच्या हृदयाबद्दल बोलण्यातही नव्हता. खिशातून पेन्सिल काढायची, हाताशी असेल त्या फळीवर चार खोल्या काढायच्या, खोल्यांना दारं काढायची आणि सुरू. “हे बघा, हे डावीकडचं दार. रक्त पुढच्या खोलीत गेलं की मागे हे गच्च लागायला हवं. माझं लागत नाही. फट राहते. तेवढ्या फटीतून रक्त परत मागे. डॉक्टरीणबाईंनी टीव्हीवर दाखवलं मला, लालनिळं दिसतं सगळं.” मग पेन्सिल कानावर खोचून ते जरा थांबत, आणि समोरचा हळहळला की समाधानाने मान हलवत. एका गिऱ्हाइकाने “मग थोडा रंधा मारून चालणार नाही का?” असं विचारलं, तर मिस्त्री आठवडाभर खूश होते. माणसाला कामातलं कळतं म्हणाले.

पण या एवढ्या मोठ्या व्याख्यानात एक गोष्ट कधीच यायची नाही. ती म्हणजे दमणं.

आता दमत तर होते. असे दमत होते की सकाळी दात घासून झाले की पलंगाच्या कडेला बसून राहत, जणू अर्धा दिवस काम करून आलेत. शर्टाची बटणं लावता लावता मधे हात खाली सोडत. पण व्हॉल्व्हचा फोटो होता, रिपोर्ट होता, रिपोर्टवर सही-शिक्का होता. थकव्याचा काय फोटो काढणार? मिस्त्रींच्या लेखी व्हॉल्व्ह गळणं हा आजार आणि दमणं हा आळस. आणि आळस म्हटला की त्यांच्या मस्तकात तिडीक जायची. कामाला आलेले किती जण त्यांनी “तुझ्या अंगात कंटाळा भरलाय” एवढ्या एका वाक्यावर घरी पाठवले होते. आता तोच कंटाळा स्वतःच्या अंगात येऊन बसलाय हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

म्हणून त्यांनी युक्त्या काढल्या. फळी उचलायच्या आधी ती तीनदा मोजायची. कानावर असलेली पेन्सिल खिशात शोधायची, मग पिशवीत शोधायची, मग बाकाखाली बसून शोधायची, आणि खाली बसलोच आहोत तर पाच मिनिटं बसायचं. फळी सरळ आहे का हे सुतार एक डोळा मिटून धारेवरून बघतो. मिस्त्री हल्ली दोन्ही डोळे मिटून बघत. लेकीने एकदा ते पाहिलं आणि करवतीचं बटण दाबलं. मिस्त्री दचकून जागे झाले आणि म्हणाले, “सरळ आहे.”

ही थोरली लेक दहा वर्षं त्यांच्याबरोबर कामाला होती. हात बापाचा, डोकं आईचं, आणि हट्टाच्या बाबतीत दोघांवर ताण. ती टेप लावून, कागदावर मांडून काम करायची, आणि त्यावरून बापलेकीची रोज जुंपायची. घरी मिस्त्रींची बायको या दोघांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी आपल्याला हवं तेच करायची.

फक्त एका ठिकाणी तिचं काही चालत नव्हतं, ते म्हणजे दवाखाना. दर तीन महिन्यांनी तिघं डॉक्टरीणबाईंकडे जात. त्या वयाने लेकीएवढ्याच, मिस्त्रींना काका म्हणायच्या. तपासून झालं, मशीनवर बघून झालं, की त्या विचारायच्या, “काका, थकवा येतो का?”

“छे,” मिस्त्री म्हणायचे.

“जिना चढताना दम लागतो?”

“जिना? मी जिने चढूनच मोठा झालोय.”

बायको खुर्चीतून त्यांच्याकडे असं बघायची की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता. मिस्त्री भिंतीवरचं कॅलेंडर बघत.

गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “काका, एक समजून घ्या. ऑपरेशन कधी करायचं हे मशीन मला अर्धं सांगतं. उरलेलं अर्धं तुम्ही सांगायचं. झडप गळतेय, म्हणजे तुमचं हृदय एकच रक्त दोनदा ढकलतंय. त्याने माणूस दमतो. दमलाच पाहिजे. तुम्ही ते लपवलंत तर हृदय ताणलं जाईल, आणि एकदा का ते सैल पडलं, की मग मी झडप कितीही छान शिवली तरी ते पहिल्यासारखं व्हायचं नाही. म्हणून पुन्हा विचारते. थकवा येतो का?”

बायको पुढे झुकली.

“छे,” मिस्त्री म्हणाले. “अगदी ठणठणीत.”

डॉक्टरीणबाईंनी फायलीत लिहिलं, तक्रार नाही, तीन महिन्यांनी बघू. बाहेर आल्यावर बायको रस्ताभर त्यांच्या दहा पावलं पुढे चालत राहिली. मिस्त्रींना हे भांडणापेक्षा जड गेलं. त्यांना भीती ऑपरेशनची नव्हती, खरं सांगायचं तर. कापाकापी त्यांच्या धंद्यातलीच गोष्ट. भीती होती ती वेगळीच. एकदा “दमतो” म्हटलं, की लेक हातातली करवत काढून घेणार, बायको स्टूल आणून देणार, आणि आपण वर्कशॉपच्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हृदयाची चित्रं काढून दाखवणार. जिना चढता येत नाही तो जिनेमिस्त्री कसला?

अशात हेडबाईंचं काम आलं.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय चौऱ्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे, आवाज मात्र अजून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेल असा. लेकीला गणित त्यांनीच शिकवलेलं. बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली, त्यात त्यांची सगळी पुस्तकं. पण तिथे जायचा जुना जिना शिडीसारखा खडा, त्यामुळे दोन वर्षांत बाई वर गेल्याच नव्हत्या. “माझी पुस्तकं वर आणि मी खाली,” त्या म्हणाल्या. “हा जिना काढा आणि मला माणसाचा जिना द्या.”

मिस्त्री माप घ्यायला गेले. मिस्त्रींची माप घ्यायची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगतो. मजल्याची उंची ते टेपने मोजत, तेवढी सवलत त्यांनी टेपला दिली होती. पण एक पायरी किती उंच करायची हे ते कधीच टेपला विचारत नसत. पातळ फळ्यांची एक चवड बरोबर न्यायची, ती जमिनीवर रचायची, चपला काढायच्या आणि डोळे मिटून त्यावर चढायचं, उतरायचं. एक फळी काढायची, पुन्हा चढायचं. एक घालायची, पुन्हा. जिथे पायाला काही जाणवलंच नाही, म्हणजे चढलो हेच कळलं नाही, तिथे थांबायचं आणि चवडीच्या उंचीची खूण एका पट्टीवर करून घ्यायची. “टेप उंची सांगतो,” ते म्हणायचे, “चढणं सांगत नाही. पाय खोटं बोलत नाही.” पस्तीस वर्षं त्यांच्या पायाने सात इंच सांगितले होते. कधी पाव इंच इकडे, कधी पाव इंच तिकडे.

हेडबाईंच्या घरात त्यांनी चवड रचली, चढले, उतरले, फळी काढली, अजून एक काढली, खूण केली. जिन्याला खाली जमीन किती लागेल हेही मग मोजायचं असतं. पण त्या दिवशी ते जिवावर आलं. काम ठरवायला आले होते तेव्हा नुसत्या नजरेने बघून ठेवलं होतं, तेवढ्यावरच भागवलं. वर्कशॉपमध्ये येऊन लेकीला म्हणाले, “अठरा पायऱ्या.”

“अठरा?” लेक म्हणाली. “एवढं उंच आहे घर?”

“अठरा म्हटलं ना.”

बापाच्या पायाची तपासणी करायची त्या वर्कशॉपमध्ये पद्धत नव्हती. लेकीने अठरा पायऱ्या कापल्या, टेप न लावता बापाच्या खुणेची पट्टी ठेवूनच दोन्ही बाजूंच्या लांब फळ्यांना खाचा पाडल्या, आणि तीन आठवड्यांनी सगळं टेम्पोत घालून दोन हमाल बरोबर घेऊन ती आणि मिस्त्री हेडबाईंकडे पोहोचले.

जिना उभा केला. वरचं टोक मजल्याला असं बसलं की मधे कागद जाणार नाही. मिस्त्री दोन पावलं मागे सरकले, कौतुकाने बघायला लागले, आणि तेवढ्यात हेडबाई म्हणाल्या, “मिस्त्री, हे दार उघडत नाही.”

दार बाथरूमचं होतं. जिन्याचं खालचं टोक ठरल्यापेक्षा चांगलं हातभर पुढे आलं होतं आणि बाहेर उघडणारं ते दार पहिल्या पायरीला ठक्कन आपटत होतं. वीतभर फट पडत होती, बस.

“म्हणजे मी आता ठरवायचं,” हेडबाई म्हणाल्या. “कायमचं आत राहायचं की कायमचं बाहेर.”

मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा जिन्याकडे. पस्तीस वर्षांत एकही जिना परत न्यायची वेळ आली नव्हती. लेकीने टेप काढला, पहिल्या पायरीला लावला, मग दुसरीला, मग पाचवीला. तिने पुन्हा लावला, कारण तिचाच विश्वास बसेना.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “ही सव्वासहा इंचांची पायरी आहे.”

“कशी असेल? सातची असते.”

“सव्वासहाच आहे. सातची केली असती तर सोळात काम झालं असतं. दोन पायऱ्या जास्त झाल्या, म्हणून तो पुढे आलाय.” तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि त्याचा तिला राग आला. “तुमच्या पायाला सात इंच जड गेले, बाबा. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. पायाने सांगून टाकलं.”

मिस्त्रींनी पेन्सिल शोधायला सुरुवात केली.

“जिना काढा,” ते शेवटी हमालांना म्हणाले. “नवा करून देतो, बाई. सातचा. हा आजाऱ्याचा जिना झालाय, तो मी कुणाच्या घरात ठेवणार नाही.”

“हात तर लावून बघा,” हेडबाई म्हणाल्या, आणि हमाल जागच्या जागी उभे राहिले, कारण त्या दोघांनाही बाईंनी चौथीत बाकावर उभं केलेलं होतं. बाईंनी कठड्याला धरलं आणि एक पायरी चढल्या. मग दुसरी. मग तिसरी. तिथे उभ्या राहून त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे संशयाने पाहिलं. “कुरकुर नाही,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांत पहिल्यांदा. मिस्त्री, हा जिना इथून हलणार नाही. दाराचं काय ते बघा.”

दाराचं लेकीने बघितलं. बिजागऱ्या काढून आतल्या बाजूने लावल्या, दार बाहेर उघडायचं ते आत उघडायला लागलं. अर्ध्या दिवसाचं काम. मिस्त्री त्या वेळात खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि त्यांच्या मनात मात्र आग पेटली होती. बाई खूश होत्या, लेक आपल्या अकलेवर खूश होती, आणि त्या अठरा पायऱ्या त्यांच्यासमोर उभ्या राहून चारचौघांत ओरडून सांगत होत्या, हा माणूस दमतो.

“ताबा गुरुवारी देतो,” ते म्हणाले. “दहा वाजता. माझ्या रीतीने.”

लेकीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला.

मिस्त्रींची ताबा द्यायची रीत अख्ख्या गावाला ठाऊक होती. जिना बसला, पॉलिश वाळलं, की घरमालकासमोर मिस्त्री आपली हत्यारांची लोखंडी पेटी खांद्यावर घेत आणि जिना खालून वर आणि वरून खाली एका दमात चढून उतरत. कठड्याला हात नाही, मधे थांबणं नाही. खाली आले की म्हणत, “जिना तुमचा.” त्याआधी तो जिना मिस्त्रींचा. पेटी अठरा किलोची. आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, पाच किलोवर काही उचलायचं नाही.

त्या संध्याकाळी घरात जे झालं त्याला भांडण म्हणता यायचं नाही, कारण भांडायला दोन बाजू लागतात. लेक बोलत होती, बायको बोलत होती, आणि मिस्त्री पोळपाटासारखा चेहरा करून जेवत होते.

“मी चढते पेटी घेऊन,” लेक म्हणाली. “जिना मीही केलाय.”

“माप माझं आहे.”

“तेच तर म्हणतेय मी, बाबा. तुम्हाला सात इंच झेपत नाहीत, पेटी कशी झेपेल?”

“मला सगळं झेपतं.”

“बरं,” बायको म्हणाली. एवढंच. आणि ताटं उचलायला लागली. इतक्या सहज तिने माघार घेतलेली पाहून मिस्त्रींना खरं तर संशय यायला हवा होता.

गुरुवारी दहा वाजता हेडबाईंच्या घरी सगळे हजर होते. हेडबाई ठेवणीतला चष्मा लावून, लेक नखं खात, आणि बायको. बायको कधी कुठल्या ताब्याला आलेली नव्हती. “मला जिना बघायचाय,” ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मिस्त्रींनी चपला काढल्या. वाकून पेटीच्या कडीत हात घातला, खांद्यावर घ्यायला जोर केला, आणि पेटी अशी वर आली की त्यांचा तोलच जायचा. त्यांना काय ते कळलं. पेटीत हत्यारं नव्हती. काही खुळखुळतही नव्हतं, म्हणजे आत कपडे कोंबलेले असणार, बहुतेक टॉवेल. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती छत बघत होती, जणू असं छत तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आता पेटी खाली ठेवून “हत्यारं कुठायत?” म्हणायचं, की गुपचूप चढायचं? त्यांनी मनातल्या मनात बायकोला दोन शिव्या दिल्या, तितकेच आभार मानले, आणि विचार केला, टॉवेल घेऊन तर मी दोनदा चढेन.

पहिल्या पायऱ्या मजेत गेल्या. जिना जराही आवाज करत नव्हता. चौथी, पाचवी, सहावी. लाकूड तळपायाला गार लागत होतं आणि पाय कसे आपोआप पडत होते. अरे, काय जिना झालाय, मिस्त्रींना वाटलं, आणि त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. आठव्या पायरीला छातीत धडधड सुरू झाली. नवव्या पायरीला कुणी तरी अंगातलं सगळं बळ खालून काढून घेतल्यासारखं वाटलं. दुखत नव्हतं काही. नुसतं संपलं होतं. दहावी चढले ते कसे चढले त्यांनाच ठाऊक. अकराव्या पायरीवर पाय ठेवला आणि बारावी एकदम लांब दिसायला लागली.

खाली तिघी वर बघत उभ्या होत्या. मिस्त्रींनी पेन्सिलीसाठी कानाकडे हात नेला. म्हणायचं होतं, एक मिनिट, इथे जरा खूण करतो. नेहमीची युक्ती. पण हात कानापर्यंत पोहोचेना. आणि खांद्यावर काय होतं? चार टॉवेल. अठरा किलोंचं कारण सांगता आलं असतं. सात इंचांचं कारण सांगता आलं असतं. चार टॉवेल आणि सव्वासहा इंच, यांच्यावर ढकलायचं तरी काय? युक्त्या संपल्या होत्या.

मिस्त्रींनी पेटी शेजारी ठेवली आणि ते अकराव्या पायरीवर बसले.

“मी दमलो,” ते म्हणाले.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. पुन्हा एकदा म्हणाले, या खेपेला जरा नीट. “मी फार दमलोय. वर्षभर दमलोय. सकाळी उठतानाच दमलेला असतो.” आणि गंमत म्हणजे काही झालं नाही. छत कोसळलं नाही, लेक करवत हिसकवायला धावली नाही. ती खालच्या पायरीवर मटकन बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडली, आणि रडता रडता तिला हसूही येत होतं. मिस्त्रींना छातीवरचं एक वजन उतरल्यासारखं वाटलं, अगदी खरोखर, जरी दम अजून तसाच लागलेला होता.

“पाणी आणा,” हेडबाईंनी लेकीला सांगितलं, “आणि रडायचं नंतर.”

बायको कठड्याला धरून सावकाश वर आली. पेटी एक पायरी वर सरकवली आणि मिस्त्रींच्या शेजारी बसली. दोघं जेमतेम मावत होती. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“ही कड टोचते,” दम जरा बसल्यावर मिस्त्री म्हणाले. “मांडीखाली. हिला गोलाई द्यायला पाहिजे होती.”

“हो, टोचते,” बायको म्हणाली. “आपल्या घरचीही टोचायची.”

“आपल्या घरची? आपल्या जिन्यावर कोण बसतं?”

“मी बसायचे की. हिच्या पाठची धाकटी झाली तेव्हा. अंगात रक्तच नव्हतं माझ्या. धुणं घेऊन वर जाताना अर्ध्यात पाय गळायचे, मग सातव्या पायरीवर बसायचे. दम गेला की उठायचे.”

आता मिस्त्रींना आठवलं. अंगाशी बादली घेऊन जिन्यात बसलेली बायको आणि तिला ओलांडून घाईघाईने वर जाणारे आपण. एकदोनदा आपण म्हणालोही होतो, वाटेत काय बसतेस. किती वर्षं चाललं होतं ते?

“चार वर्षं,” बायको म्हणाली, त्यांनी न विचारताच.

“मला वाटायचं,” मिस्त्री म्हणाले, “मला वाटायचं तुला तिथे वारा लागतो, म्हणून बसतेस.”

“तिथे खिडकी कुठाय?”

खरंच नव्हती. तो जिना मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी केला होता. त्याची पायरी न् पायरी त्यांना पाठ होती. सातव्या पायरीपाशी दोन्ही बाजूंना भिंत होती, सरळ, कोरी, खिडकी नसलेली. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“तू बोलली का नाहीस?”

“तुम्ही का बोलला नाहीत?”

“चुकलं गं माझं,” मिस्त्री म्हणाले. “फार चुकलं.”

“हो, चुकलंच,” बायको म्हणाली. तिने हे इतकं शांतपणे म्हटलं की मिस्त्रींना बरं वाटलं. मग तिने पदराच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले, जरा जोरातच. “आता दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन करायचा आणि खरं सांगायचं. वर्षभर थापा मारल्या म्हणायचं.”

“सांगतो.”

“माझ्यासमोर.”

“तुझ्यासमोर सांगतो. तारीखही मागून घेतो.”

लेक पाण्याचा ग्लास घेऊन वर आली आणि दोन पायऱ्या खाली उभी राहिली. मिस्त्री पाणी प्यायले. ग्लास तिला परत देताना म्हणाले, “पुढच्या जिन्याचं माप तू घे. पाय लावून घे हवं तर, पण मग टेपही लाव. आणि कड गोल कर. बसणाऱ्याला टोचता कामा नये.”

“जिन्यावर बसणारं कोण असतं, बाबा?” लेकीने विचारलं. तिला ते वरचं बोलणं ऐकू गेलेलं नव्हतं.

“असतात,” मिस्त्री म्हणाले. “आपल्याला माहीत नसतं.”

खालून हेडबाईंचा आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा. “मिस्त्री, जिना माझा झालाय की नाही अजून? माझी पुस्तकं वर वाट बघतायत.”

“तुमचाच आहे, बाई,” मिस्त्रींनी बायकोचा हात धरून ठेवत उत्तर दिलं. “आम्ही दोघं उठलो की या वर. जरा वेळ लागेल.”